‘उद्यापासून येऊ नकोस’

उज्जैन हे नाव कानी पडले की मराठी वाचकापुढे क्षिप्रेचा घाट, महाकालाचे शिखर आणि शिंदेशाहीचा इतिहास उभा राहतो. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी तेथे आपले ठाणे केले. पुढे 1810 च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. आजचे उज्जैन मात्र दरबाराचे नव्हे, तर दुकानांचे शहर आहे. 2022 च्या ऑक्टोबरात ‘महाकाल लोक’ हा नवा परिसर खुला झाल्यापासून यात्रेकरूंचा ओघ वाढला, आणि त्याबरोबर लॉज, भोजनालये, फुलापूजेची दुकाने, औषधांची व मोबाईलची दुकाने गल्लोगल्ली निघाली. शेजारच्या भैरवगडात कापडछपाईचे जुने कारखाने आहेतच. 2028 साली सिंहस्थ भरावयाचा आहे. तेव्हा हाताला माणूस मिळणार नाही अशी अवस्था होईल, आणि मेळा उठल्यावर त्याच माणसांना दारही दाखविले जाईल.

अशा ठिकाणी नोकरी तोंडी लागते आणि तोंडीच जाते. समजा, एका लॉजमध्ये एक तरुण साडेचार वर्षांहून अधिक काळ राबत आहे. पहाटे पाहुण्यांसाठी दार उघडणे, खोल्या झाडणे, रात्री वही लिहिणे, सारे तोच करतो. एका संध्याकाळी शेठ गल्ल्यावरून मान वर न करता म्हणतात, “उद्यापासून येऊ नकोस.” कारण नाही, कागद नाही. महिन्याची 18 तारीख असते. त्या अठरा दिवसांच्या पगाराचे काय, हेही कोणी बोलत नाही. तरुण खाली मान घालून घरी येतो आणि घरची माणसे म्हणतात, “शेठचे दुकान, शेठची मर्जी. आपण काय करणार?”

वाचकहो, हा प्रसंग उज्जैनचा म्हणून सांगितला, तरी तो आपल्या खेड्यापाड्यांतून शहरात कामाला जाणाऱ्या कोणत्याही मुलामुलीवर ओढवू शकतो. म्हणून ‘आपण काय करणार’ या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट ही की, ‘कामगार कायदा मोठ्या गिरण्यांसाठी, चार माणसांच्या दुकानाला तो लागत नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. भविष्यनिर्वाह निधीला साधारणतः वीस माणसे लागतात, ग्रॅच्युइटीला दहा, राज्य विमा योजनेलाही दहा. या आकड्यांमुळेच हा समज रूढ झाला असावा. परंतु माणसाला कामावरून कमी करताना पाळावयाचे जे मूळ नियम आहेत, त्यांना असा आकडा नाही. दुकानात तीन माणसे असोत की तीस, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एका वाक्यात घालविता येत नाही.

हा नियम किती कडक आहे हे ज्या खटल्यातून स्पष्ट झाले, तो मुंबईचा आहे. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात वॉर्डात काम करणाऱ्या दोन स्त्रियांना 1954 साली कामावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेल्या दोघांना घेण्यात आले. महिनाभराची सूचना त्यांना दिली होती; परंतु औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली जी नवी कलमे घातली गेली होती, त्यांनुसार द्यावयाची नुकसानभरपाई दिलेली नव्हती. हॉस्पिटल मजदूर सभेने त्यांची बाजू घेतली. सरकारचे म्हणणे असे की, रुग्णालय हा काही उद्योग नव्हे, तेव्हा हा कायदा आम्हांस लागूच नाही. मुंबई उच्च न्यायालयात सभा प्रथम हरली, मग अपिलात जिंकली, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 1960 च्या जानेवारीत तेथे निकाल लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे. पुढे 1964 साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी ठरविले की रुग्णालय त्या कायद्याच्या कक्षेत येते, आणि भरपाई देणे ही माणसाला कमी करण्यापूर्वीची अट आहे. ही अट पाळली नसेल तर कमी करण्याचा तो हुकूमच निष्फळ होय.

दोन वॉर्डसेविका आणि समोर साक्षात मुंबई सरकार! त्या काळी त्यांना पगार किती मिळत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. कायद्याची भाषा रुक्ष असते खरी, पण या निकालातील ‘आधी पैसे, मग निरोप’ हे तत्त्व कोणत्याही गृहिणीला समजेल असे आहे.

तो 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आता राहिला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्र सरकारने चार नव्या कामगार संहिता अमलात आणल्या, आणि त्यांपैकी औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही त्याच्या जागी आली. परंतु कामगार कमी करण्याविषयीचा मूळ नियम नव्या संहितेनेही उचलून धरला आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करावयाचे तर कारणे देऊन एक महिन्याची लेखी सूचना द्यावी, अथवा सूचनेऐवजी एक महिन्याचा पगार द्यावा, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा, आणि शेवटच्या वर्षाचा सहा महिन्यांवरील भाग पूर्ण वर्ष धरावा, शासनालाही कळवावे. नव्या संहितेने याखेरीज एक भर घातली आहे. कमी केलेल्या माणसाला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम एका निधीत भरावयाची असते, आणि ती कमी केल्यापासून 45 दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची असते.

आता त्या लॉजमधील तरुणाचा हिशोब मांडू. पगार महिना 12,000 रुपये, सेवा चार वर्षे सात महिने, म्हणजे भरपाईपुरती पाच वर्षे. पंधरा दिवसांचा पगार म्हणजे महिन्याच्या निम्मा, 6,000 रुपये; पाच वर्षांचे 30,000. सूचनेऐवजी 12,000. दोन्ही मिळून 42,000 रुपये, आणि निधीतून येणारे वेगळे. अठरा दिवसांच्या कामाचा पगार त्याहूनही निराळा. तो कष्टाचा पैसा आहे, भरपाई नव्हे. वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढलेल्या, कमी केलेल्या वा राजीनामा दिलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांच्या आत चुकता करावा लागतो. या नियमासाठी वर्षभराची सेवाही लागत नाही; चारच दिवस काम केले असले तरी त्या चार दिवसांचा पैसा याच मुदतीत मिळाला पाहिजे. ‘तुझ्या हातून काचेचा दिवा फुटला, तो वळता केला’ असे शेठ म्हणतील, तर नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. बहुतेक छोटे मालक दुष्ट नसतात. त्यांनाही हा नियम ठाऊक नसतो, आणि धंद्याला उतरती कळा लागली म्हणजे प्रथम माणूस कमी करावा, एवढेच त्यांना सुचते. माणूस कमी करण्याचा अधिकार कायद्याने त्यांच्याकडून काढूनही घेतलेला नाही. कायदा केवळ त्याची किंमत सांगतो. ती किंमत आधी कळली तर पुष्कळ तंटे दुकानाच्या उंबऱ्यावरच मिटतील.

तंटा पेटला की मात्र मालकाच्या बाजूने सहसा तीन उत्तरे येतात.

पहिले उत्तर, “मी काढलेच नाही, तोच यायचा बंद झाला.” तोंडी हुकमाची सारी सोय याच उत्तरात आहे. तरुण दुसऱ्या दिवशी दुकानी गेला नाही, कारण येऊ नकोस असे त्याला सांगितले होते. आणि आता तेच न जाणे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे केले जाते. सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की, काम सोडून जाणे हा हेतूचा प्रश्न आहे. नुसत्या गैरहजेरीवरून कोणी नोकरी टाकली असे म्हणता येत नाही. तेव्हा आपला हेतू काम करण्याचाच आहे हे कामगाराने लगेच, त्याच आठवड्यात, दाखविले पाहिजे. त्याने दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकानी जावे, शक्य तर एखाद्या जाणत्या माणसाला सोबत न्यावे, आणि ‘मी कामास हजर आहे’ असा निरोप शेठच्या मोबाईलवर पाठवावा. तो निरोप पुढे साक्षीदाराचे काम करतो.

दुसरे उत्तर, “त्याने चोरी केली.” किंवा उद्धटपणा, किंवा दारू. हा आळ खरा असेल तर गोष्ट बदलते, कारण गैरवर्तनासाठी काढलेल्याला भरपाई मिळत नाही. परंतु आळ घेणे म्हणजे आळ सिद्ध करणे नव्हे. आरोप काय ते सांगावे, उत्तर देण्यास अवसर द्यावा, चौकशी करावी, हा न्यायाचा साधा क्रम आहे, आणि दुकान छोटे म्हणून तो टळत नाही. चौकशी केलीच नसेल तर मालकाला न्यायाधिकरणापुढे पुरावा आणून आरोप शाबीत करावा लागतो. तेथे शाबीत झाला तरी, अपराधाच्या मानाने शिक्षा फार जड आहे असे दिसल्यास न्यायाधिकरण ती सौम्य करू शकते. हा अधिकार 1971 पासून कायद्यात आहे आणि नव्या संहितेतही राहिला आहे. ज्या मुलावर चोरीचा आळ येतो त्याच्या आईबापांना मी विशेषेकरून सांगेन की, लाजेने गप्प बसू नका. गावात बोभाटा नको म्हणून पुष्कळ निरपराध मुले आपला हक्क आणि आपले नाव, दोन्ही गमावतात.

तिसरे उत्तर सर्वांत अवघड. “हा पाहा त्याचा राजीनामा, खाली त्याचीच सही.” उरलेला पगार मोजताना एक कागद पुढे सरकवला जातो, त्यावर ‘मी स्वखुशीने नोकरी सोडीत आहे, माझा सर्व हिशोब पूर्ण झाला’ असे लिहिलेले असते, आणि हातात पैसे पडावेत म्हणून माणूस सही करतो. स्वेच्छेने सोडलेल्या नोकरीला भरपाई नाही. सही दडपणाखाली घेतली हे सिद्ध करता येते, पण त्यासाठी तक्रार तत्काळ केलेली असावी लागते. सहा महिन्यांनी आठवण झाली तर कोण विश्वास ठेवणार? यास्तव न वाचता सही करू नये. कागद हिंदीत वा इंग्रजीत असून समजत नसेल तर घरी नेऊन वाचतो असे म्हणावे. अठरा दिवसांचे पैसे घेताना ‘अठरा दिवसांच्या पगारापोटी मिळाले’ एवढेच लिहून सही करावी.

एक चौथी युक्तीही आहे. नोकराला कागदोपत्री ‘मॅनेजर’ म्हणायचे, म्हणजे तो कामगार राहत नाही असा मालकाचा समज असतो. कायदा पदवी पाहत नाही, काम पाहतो. हाताने, कारकुनीने वा तांत्रिक कौशल्याने राबणारा तो कामगारच. खरोखर देखरेखीचेच काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांहून अधिक घेणारा मात्र संहितेच्या या संरक्षणाबाहेर पडतो.

आता पुराव्याविषयी. ‘वर्षभराची सलग सेवा’ म्हणजे मागील बारा महिन्यांत 240 दिवसांचे काम. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या या दिवसांत धराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितले आहे. पण हे 240 दिवस भरले हे दाखविण्याचा भार कामगारावर आहे, आणि छोट्या दुकानात नेमणुकीचे पत्र नसते, हजेरीपट असला तर तो मालकाच्या कपाटात असतो. दहा वा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी नेमणुकीचे पत्र देणे नव्या संहितांनी सक्तीचे केले आहे. त्याहून लहान दुकानात आपणच सावध असावे. बँकेत जमा होणारा पगार, मोबाईलवर आलेले पैसे, ‘उद्या लवकर ये’ असे शेठचे निरोप, दुकानात काढलेली छायाचित्रे, कामाच्या वहीतील आपले अक्षर, गणवेश, शेजारच्या चहावाल्याची साक्ष, यांतले काहीही निरुपयोगी नाही. कामगाराने शपथेवर सांगितले आणि मालकाचा हजेरीपट मागविला, तर तो लपविणाऱ्या मालकाविरुद्ध न्यायालय निष्कर्ष काढू शकते. घरात एक साधी वही ठेवून तीत रोजची हजेरी आणि मिळालेले पैसे लिहिण्याची सवय मुलांना लावावी. आपल्या आजोबांनी दुधाचा हिशोब असाच ठेवला होता.

तक्रार कोठे करावयाची? उज्जैनसारख्या ठिकाणी जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तेथील समेट अधिकारी मालकाला बोलावून तडजोड घडविण्याचा यत्न करतो, आणि पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात, कारण सरकारी लिफाफा आला म्हणजे शेठ आपल्या वकिलाला विचारतात आणि वकील त्यांना 42,000 चा तोच हिशोब सांगतो. पंचेचाळीस दिवसांत समेट झाला नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. संघटनेची गरज नाही. एकट्या माणसाच्या बडतर्फीला औद्योगिक विवाद मानण्याची ही सोय 1965 साली झाली. त्यापूर्वी संघटनेने प्रकरण हाती घेतले नाही तर एकटा माणूस हतबल होता. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्यान्वये औद्योगिक कामगाराला, तसेच कोणत्याही स्त्रीला, विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते. गर्भारपणाच्या वा बाळंतपणाच्या रजेत असलेल्या स्त्रीला काढून टाकणे हा तर स्वतंत्र कायदेभंग होय.

मुदत मात्र कमी झाली आहे. जुन्या कायद्यात तीन वर्षे होती, नव्या संहितेत दोनच. दोन वर्षे पुष्कळ वाटतात, पण दुसरे काम शोधण्यात आणि ‘पाहू, शेठ परत बोलावतील’ या आशेत ती सरतात. उज्जैनपासून जवळच इंदूरची हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे 4,800 कामगारांच्या देण्याचे 224 कोटी रुपये चुकते करण्याचा समारंभ 25 डिसेंबर 2023 रोजी झाला. तीस वर्षे! तोवर कित्येक जण हयात नव्हते. हजारोंच्या संघटनेला इतका काळ लागला, तर एकट्याने एक दिवसही वाया घालवू नये.

जिंकल्यावर काय मिळते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर खोटी आशा लागते. पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम होऊ शकतो. 2013 साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चुकीने काढलेल्याला मागील पगारासह परत घेणे हाच सामान्य नियम आहे. तरी रोजंदारीवर थोडा काळ काम केलेल्यांच्या बाबतीत न्यायालये हल्ली एकरकमी भरपाईवर थांबतात. आणि जेथे मालक व नोकर दिवसभर एकाच गल्ल्यापाशी उभे राहतात, अशा चार माणसांच्या दुकानात परत जाण्याची इच्छा तरी कितीजणांना असते? मात्र एक तरतूद लक्षात ठेवावी. कमी केल्यापासून वर्षाच्या आत मालक पुन्हा माणसे घेऊ लागला, तर जुन्या माणसाला आधी विचारले पाहिजे. यात्रेच्या हंगामावर चालणाऱ्या उज्जैनला ही तरतूद विशेष लागू पडते. ज्याला मुळातच लेखी कराराने ठराविक महिन्यांसाठी घेतले, त्याची मुदत संपली तर मात्र ते ‘कमी करणे’ ठरत नाही.

कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिलेलेही पुष्कळ आहेत. 240 दिवस न भरलेले आहेत. महाराष्ट्रात 1948 च्या दुकाने कायद्याने तीन महिने काम केलेल्यालाही चौदा दिवसांची सूचना मिळत असे. 2017 साली तो कायदा जाऊन नवा आला, आणि नवा कायदा छोट्या दुकानांना बहुतांशी लागूच नाही. घरकाम करणाऱ्या स्त्रिया ‘उद्योगा’त मोडत नाहीत. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. केवळ वा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थाही नव्या संहितेने ‘उद्योग’ या शब्दातून वगळल्या आहेत. जे. जे. रुग्णालयाच्या त्या दोन स्त्रियांचा खटला ज्या व्याख्येवर जिंकला गेला, ती व्याख्या अशी आखडली आहे. म्हणजे आपल्या वसतिगृहाचा स्वयंपाकी, दवाखान्यातली आया किंवा चर्चचा माळी यांना पंधरा दिवसांचा हा हिशोब न्यायाधिकरणात मागता येईलच असे नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली श्रमिकांविषयी जे परिपत्रक काढले, त्यात मजुराची मजुरी बुडविणे हे घोर पाप म्हटले आहे. ते लिहिताना त्यांनी धर्मादाय संस्थांना सूट दिली नव्हती. आपल्या संस्थांच्या समित्यांनी हा विषय एकदा सभेपुढे घ्यावा, असे वाटते.

राहिले ते पत्र. ज्याला काढले त्याने आठवड्याच्या आत मालकाला एक पत्र लिहावे. मराठी माणसाने उज्जैनच्या शेठना ते हिंदीत लिहिणे बरे. त्यात कामास कधीपासून लागलो, काम कोणते, पगार किती, अमुक तारखेला तोंडी येऊ नकोस असे सांगितले, कारण दिले नाही, मी काम करण्यास तयार आहे, कामावर घ्यावे, नपेक्षा सूचनेचा पगार, भरपाई आणि राहिलेले वेतन द्यावे, एवढे असावे. शिवी नको, धमकी नको, विनवणीही नको. पूर्वी असे पत्र रजिस्टर पोस्टाने धाडीत. 2025 पासून ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पावती व पत्राची प्रत जपावी, आणि तीच प्रत श्रम कार्यालयातील अर्जास जोडावी. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्यावा. दोन वर्षे मोजली जातात ती या शिक्क्यापासून नव्हे, शेठनी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटले त्या दिवसापासून.